एक इंच अलीकडे

अक्का, किशोर भाऊ, समोर बसलेली वडीलधारी मंडळी, आबांनी शिकवलेल्या सगळ्या मुली, आणि मिळेल त्या गाडीने साक्रीपर्यंत आलेले सगळे जण.

माझं नाव ज्योती. माहेर पहूरचं, राहायला जळगावला. तिथे मी मुलींना कराटे शिकवते. रोज दोन तास ओरडणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला बोलायची सवय नाही असं म्हटलं तर माझ्याच मुली हसतील. हिलाल आबांना जाऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी हे बोलणं चार वेळा कागदावर लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. शेवटी रिकाम्या हाताने आले. कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

आबांबद्दल सगळे चांगलंच बोलले. मीही चांगलंच बोलणार आहे, कारण वाईट बोलायला त्या माणसाने जागाच ठेवली नाही. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. बारा वर्षं मी एक गोष्ट दाबून ठेवली. ती आबांना माहीत होती, आणि आणखी एकीला. माझ्या क्लासच्या मुली आणि त्यांचे आईवडील जळगावहून आलेत, ते मागे लिंबाखाली बसलेत. माझं ऐकून झालं की माझ्याकडे मुली पाठवायच्या की नाही, ते त्यांनी ठरवावं. मी राग मानणार नाही.

या पिशवीत एक फ्रेम आहे. ती शेवटी काढते.

बारा वर्षांपूर्वी याच शाळेने मला पहिल्यांदा बोलावलं. मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर. वेळ तीन तास. तीन तासांत मुलींना स्वतःचं रक्षण करता येणार आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार. मी तेव्हा तेवीस वर्षांची. कंबरेला काळा पट्टा, राज्य स्पर्धेतलं पदक, आणि डोक्यात हवा. मंडळी, हवा म्हणजे किती, तर मी पदक सोबत घेऊन आले होते.

त्या दिवशी हेडमास्तरांनी एकाच पटांगणात दोघांना उभं केलं. एका बाजूला मी, पांढऱ्या कडक पोशाखात, अनवाणी. दुसऱ्या बाजूला धोतर, बंडी आणि टोपी घातलेले एक आबा, हातात लाठी. ते दर शनिवारी इथे मुलींना शिकवायचे. मला सांगितलं, हे जुने पहिलवान आहेत. मी मनात म्हटलं, असतील.

मी काता, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींचा क्रम, करून दाखवला. हवेत लाथा मारल्या. तीन कौलं फोडली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, आबांनीही वाजवल्या, अगदी मनापासून. मग मी मुलींना म्हटलं, चला, चपला काढा, दप्तरं भिंतीला ठेवा, ओढण्या काढून घडी करा आणि रांगेत या. सगळ्या निघाल्या. तेवढ्यात आबा जवळ आले आणि हळूच मला म्हणाले, "रस्तावर कोनी म्हनी का, बाई, चप्पल काढी ले, मंग मी तुना हात धरस?"

मला आधी कळलंच नाही. आमच्या पहूरकडची बोली वेगळी, आबांची अहिराणी वेगळी. शेजारच्या बाईंनी समजावलं तेव्हा कानाला झोंबलं. मी म्हटलं, आबा, ही कला आहे, हिची एक शिस्त असते. ते म्हणाले, शिस्त पाहिजेच. आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. ते एकदा बोलायचे आणि मग तुमची वाट बघत बसायचे. मला त्याचा इतका राग यायचा की विचारू नका.

पण शाळेला माझं काम आवडलं. दर शनिवारी या, म्हणाले. म्हणून मी जळगावहून यायला लागले, आणि अर्धा वेळ माझा, अर्धा वेळ आबांचा अशी वाटणी झाली.

आता आबांचा अर्धा वेळ कसा असायचा, ते इथल्या लोकांना ठाऊक आहे, पण माझ्या जळगावच्या मंडळींसाठी सांगते. लाठी होतीच. पण पोरींना ते लाठी कमी आणि ओरडायला जास्त शिकवायचे. आणि कुठे? बंद वर्गात नाही. आठवडे बाजारात. इकडच्या टोकाला मिरचीवाल्या बायकांपाशी मुलगी उभी करायची. तिकडच्या टोकाला, सुक्या बोंबलाच्या दुकानाशी, आबा स्वतः उभे. मध्ये सगळा बाजार, भाव करणारे लोक, बकऱ्या, भोंगे. मुलीने इकडून हाक मारायची आणि ती तिकडे पोचली पाहिजे.

पहिल्या दिवशी मुली लाजायच्या. तोंडावर ओढणी धरायच्या. हाक कांद्याच्या ढिगाजवळच पडायची. आबा तिकडून हात हलवून सांगायचे, नाही आली, पुन्हा. बाजारातले लोक हसायचे. आबा हसणाऱ्यांना काही बोलायचे नाहीत. तीनचार आठवड्यांत हसणारे थकायचे आणि मुलीचा आवाज मोठा व्हायचा.

हाक कशी मारायची, याचेही त्यांचे नियम होते. नुसतं वाचवा-वाचवा नाही. वाचवा म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. म्हणून एका माणसाला धरून बोलवायचं. मिरचीवाल्या मावशी, तुम्ही. टोपीवाले बाबा, तुम्ही. मग त्रास देणाऱ्याच्या शर्टाचा रंग सांगायचा, म्हणजे गर्दीत तो लपत नाही. आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट. मग गप्प राहायचं. एक श्वासभर. आबा म्हणायचे, "आते थांब. आयक, कोन ओ देस." कारण ओ कुठून आली ते ऐकलं तरच कुठे पळायचं ते कळतं.

आणि बाजारात प्रत्येक वेळी ती ओ आबांचीच यायची. बोंबलाच्या दुकानापासून. लांबलचक. ओऽऽ. जिच्या हाकेला ती मिळायची, ती मुलगी त्या दिवशी घरी वेगळ्याच चालीने जायची. मी पाहिलंय.

तेव्हा मात्र मला हे सगळं गावठी वाटायचं. मी तोंडावर म्हणायचे, आबा, आमच्या कराटेतही आवाज आहे, आम्ही किआय म्हणतो, त्याने अंगात जोर येतो. त्यांनी माझ्या मुलींचं किआय नीट ऐकलं. मग म्हणाले, "तुन्या पोरी वरडतस चांगल्या. पन बलावतस कोनले?"

मी पुढचा काता सुरू केला.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी उभी आहे.

पावसाळा संपून गेला होता. शनिवारचा वर्ग आटोपून मी जळगावची गाडी पकडायला एसटी स्टँडवर आले. चांगलं ऊन होतं, संध्याकाळचे पाच वाजत असतील. आपल्या वर्गातली यमुना, तेव्हा दहावीत, पिंपळनेरच्या अलीकडे तिचं गाव, तीही गाडीची वाट बघत होती. स्टँडच्या मागच्या भिंतीकडे, जिथे सायकली लावतात, तिथे एका माणसाने तिचं दप्तर धरलं होतं. निळा शर्ट. ती ओढत होती, तो सोडत नव्हता आणि हसत होता.

मी बॅग टाकली आणि गेले. मला भीती वाटली नाही. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. बारा वर्षांची असल्यापासून ज्यासाठी घाम गाळला, ते आता कामाला येणार होतं. मी बरोबर अंतरावर उभी राहिले. पाय बरोबर, कंबर बरोबर, खांदा बरोबर. आणि असा ठोसा मारला की माझ्या गुरूंनी डोळे मिटून गुण दिले असते.

आणि तो ठोसा त्याच्या नाकाच्या एक इंच अलीकडे थांबला.

मंडळी, ज्यांना कराटे माहीत नाही त्यांना सांगते. आम्ही स्पर्धेत समोरच्याला लागू देत नाही. लागलं तर चूक धरतात. हात पूर्ण वेगाने न्यायचा आणि कातडीजवळ थांबवायचा, यालाच आम्ही ताबा म्हणतो, यालाच गुण मिळतात. मी अकरा वर्षं रोज हेच केलं होतं. मग त्या दिवशी माझ्या हाताने दुसरं काय करावं? तो थांबला. सुंदर थांबला. आणि मी, खरं सांगते, मी तशीच उभी राहिले. मनातल्या मनात मी पंचांच्या निशाणाची वाट बघत होते.

त्या माणसाने घाबरून डोळे मिटले होते. त्याने ते उघडले, नाकासमोर माझी मूठ बघितली, आणि त्याला हसू आलं. यमुनाचं दप्तर सोडून त्याने माझं मनगट धरलं आणि पिरगाळलं. मनगट धरलं तर काय करायचं, हे मी शंभर मुलींना शिकवलं होतं. माझं डोकं बंद पडलं. एक शब्द तोंडातून निघेना. माझं ते किआय, तेही नाही.

तेव्हा यमुना ओरडली.

"ओ रसवाला भाऊ, हाऊ निया शर्टवाला मॅडमना हात सोडत नही. पयत ये."

आणि ती गप्प झाली. एक श्वासभर. तशा वेळी, मंडळी. सोळा वर्षांची पोर. उसाच्या रसाच्या यंत्राला घुंगरं बांधलेली होती, ती थांबल्याचं मला आजही ऐकू येतं. आणि मग तिकडून आली. ओ.

रसवाले भाऊ धावले, त्यांच्यामागे दोन कंडक्टर, त्यांच्यामागे पेरू विकणारी मावशी. निळ्या शर्टाने माझा हात सोडला आणि समोर न बघता पळायला वळला. तिथे सायकलींच्या शेडला नाकाच्या उंचीवर लोखंडी पाइप आडवा आहे, तो थेट त्याच्या नाकावर बसला. रक्त आलं. लोकांनी त्याला धरलं.

आता लोकांनी काय पाहिलं? कराटेची मॅडम मूठ वळून उभी, आणि समोर नाक फुटलेला माणूस. लोकांनी दोन आणि दोन चार केले. कोणी पाणी आणलं, कोणी माझी पाठ थोपटली. रसवाल्या भाऊंनीच चारचौघांना सांगितलं, एका फटक्यात. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. मग एका बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, अशी लेक पाहिजे. मी तोंड मिटलं.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. कराटेपटू तरुणीने टवाळखोराचे नाक फोडले. माझ्या वडिलांनी पहूरच्या पारावर तो पेपर मोठ्याने वाचून दाखवला. जळगावला मी क्लास काढला तेव्हा तेच कात्रण फ्रेम करून दारासमोर लावलं. पालक आधी फ्रेम वाचायचे, मग नाव नोंदवायचे. माझा क्लास त्या फ्रेमवर उभा राहिला.

यमुनाने आबांशिवाय कोणापाशी एक शब्द काढला नाही. तिची अडचण वेगळी होती. स्टँडवर कोणी दप्तर ओढलं हे घरी कळलं असतं तर तिची शाळा त्याच दिवशी बंद झाली असती. म्हणून मी स्वतःला समजावलं की मी तिच्यासाठीच गप्प आहे. काही दिवस ते खरंही होतं. नंतर तिची दहावी झाली, बारावी झाली, तिला नोकरी लागली, आणि मी गप्पच. तेव्हा मी कोणासाठी गप्प होते?

पुढच्या शनिवारी मी साक्रीला आले. आबांना यमुनाने सगळं सांगितलेलं होतं. मला वाटलं, आता हे मला मुलींसमोर उघडं पाडणार. माझी चपला-दप्तरांची शिस्त, माझी कौलं, माझं पदक, सगळं आता परत तोंडावर येणार. त्यांच्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं, सांगते. इतके महिने मी त्यांना काय कमी बोलले होते?

आबांनी वर्ग सोडला. मुली गेल्यावर मला लिंबाखाली बोलावलं. तिथे एक पोतं टांगलेलं होतं, सरकी ठासून भरलेलं. ते म्हणाले, मार. मी मारलं. माझी मूठ पोत्याच्या एक इंच अलीकडे थांबली. पुन्हा मार, म्हणाले. पुन्हा थांबली. मी हात खाली सोडला आणि रडले. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी माझा हात धरून बघितला, बैलाचा पाय बघतात तसा, उलटा, सुलटा. आणि म्हणाले, "तुना हात काही वाईट नही. तुना हात थांबाले शिकेल शे. त्याले आते न थांबानं शिकाडनं पडी."

मी विचारलं, आबा, तुम्ही लोकांना सांगणार का? त्यांनी डोकं हलवलं. म्हणाले, "तू जवय सांगशी तवय सांग. मी कोनले सांगाव नही."

बारा वर्षं त्या माणसाने शब्द पाळला. माझ्या क्लासच्या उद्घाटनाला ते जळगावला आले होते. त्या फ्रेमसमोर उभे राहिले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, सगळी बातमी वाचली. मी मागे उभी, घामाने भिजलेली. ते वळले आणि म्हणाले, "फोटू झकास शे." बस. त्यानंतर चहा प्याले. अक्का, तुम्हीही होतात त्या दिवशी. तुम्हाला माहीत होतं की नाही, मी आजपर्यंत विचारलं नाही.

त्या लिंबाखालच्या शनिवारपासून दीड महिना मी त्या पोत्यावर मारत होते. शनिवारी तर यायचेच, रविवारीही आबांच्या घरी मुक्काम करायला लागले. अक्कांच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन पुन्हा पोत्यापुढे. आबा पोत्यामागे पोतं धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, पोत्याला मारू नको, मला मार, मी पोत्याच्या मागे आहे. ज्या दिवशी ते दोन पावलं मागे सरकले, त्या दिवशी टोपी काढून त्यांनी मला वाकून नमस्कार केला. कराटेत आम्ही एकमेकांना करतो तसा. मीच त्यांना शिकवलेला.

हो, मंडळी, ते माझ्याकडून शिकले. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की कराटे फुकट आणि आबांचं तेवढं खरं. आबांना तसं कधीच वाटलं नाही. एकदा बांधावर बसून त्यांनी मला त्यांची चूक सांगितली. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, कापूस वेचायला गेलेली. तिच्यावर वेळ आली. ती आबांनी शिकवल्याप्रमाणे ओरडली. जोरात ओरडली. मग थांबली, ओ कुठून येते ते ऐकत. डोक्याएवढी कपाशी, चारी बाजूंना कोणी नाही. आबा म्हणाले, "कपाशीमा वरडी तर कोन आयकी?" ती पोरगी कशीबशी सुटली, हात मोडून घेऊन. आबा त्या दिवसापासून नीट झोपले नव्हते. लाठी शिकवली होती, पण कापूस वेचायला लाठी घेऊन कोण जातं? हेडमास्तरांना सांगून मला बोलवायला लावलं, ते आबांनीच. हे मला तोवर माहीत नव्हतं. ज्यांना मी आडवे येतात म्हणत होते, त्यांनीच मला आणलं होतं.

मग आम्ही दोघांनी बसून नव्याने सुरुवात केली. खूप भांडलो. मी म्हणायचे, काता नको असेल तर मुलीच्या पायात तोल येणार कुठून? ते म्हणायचे, काता घे, पण पाठीला दप्तर लावून घे. मी पडायचं कसं ते शिकवलं, हात आपटून, डोकं सांभाळून. आबा वयाच्या सत्तराव्या वर्षी गादीवर पडून बघायचे आणि अक्का ओसरीवरून त्यांना ऐकवायच्या. जोडीदाराला दुखलं की त्याने दोनदा थोपटायचं आणि समोरच्याने लगेच सोडायचं, हा आमचा नियम आबांना फार आवडला. ते म्हणाले, आखाड्यात आम्हाला हे कोणी सांगितलं असतं तर माझा एक कान शाबूत राहिला असता. आणि मुलींना त्यांनी तो नियम वेगळ्या शब्दांत सांगितला. तू नको म्हटलंस आणि समोरचा सुटला, याची आधी सवय होऊ दे. म्हणजे जो सुटत नाही तो तुला लगेच ओळखू येईल.

हे मला माझ्या पट्ट्याने शिकवलं नव्हतं. माझ्याच नियमाचा अर्थ मला त्यांनी सांगितला.

आज माझ्या क्लासमध्ये मुली दोन्ही करतात. स्पर्धेचा ठोसा थांबतो. पोत्यावरचा थांबत नाही. पोत्यावर मारताना पायात चपला असतात. आणि महिन्यातून एकदा मी त्यांना भाजीबाजारात नेते, तेव्हा जळगावचे लोक आमच्याकडे बघून हसतात. मी हसणाऱ्यांना काही बोलत नाही. माझ्या मुलींनो, हे सगळं मी शोधून काढलं असं तुम्हाला वाटत होतं. मी तसं वाटू दिलं. ते या पटांगणातलं आहे, आणि ते आबांचं आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी आबांना भेटायला आले. ते खाटेवर होते, आवाज गेलेला. बाजाराच्या त्या टोकापर्यंत पोचणारा आवाज, तो उशीपर्यंतही येत नव्हता. मी कानाशी वाकून म्हटलं, आबा, फ्रेम काढायची आहे, मला माफ करा, तुमचं नाव कुठेच घेतलं नाही मी. त्यांनी माझ्या मनगटावर बोटांनी दोनदा थोपटलं. सोड, म्हणून. मग ओठ हलले. "माले नको सांगू. बठ्ठासले सांग." बठ्ठासले, म्हणजे सगळ्यांना.

मला वाटलं होतं, गुरुपौर्णिमेला सांगेन, ते समोर बसलेले असताना. तेवढे दिवस त्यांच्याकडे नव्हते. बारा वर्षं होती तेव्हा मी ती घालवली.

आज सकाळी मी यमुनाला विचारलं, सांगू का गं? तुझं नाव येईल. यमुना आता एसटीत कंडक्टर आहे, तुमच्यातले निम्मे लोक आज तिच्याच गाडीने आलेत. ती हसली आणि म्हणाली, "सांगा मॅडम. आते माले कोन शाळामाईन काढी?"

म्हणून सांगितलं. ही ती फ्रेम. भिंतीवरून काढली, मागे खिळ्याची खूण राहिलीय, ती तशीच राहू देणार आहे. यमुना, ही तुझी आहे. फोटो माझा असला तरी बातमी तुझी होती. घरी लाव, नाहीतर चुलीत घाल, तुझी मर्जी.

आणि लिंबाखाली बसलेल्या पालकांनो, तुम्ही ज्या नाक फोडणाऱ्या बाईकडे मुली पाठवल्यात, ती बाई नव्हतीच. तुमच्या मुलींना शिकवते ती, जिचा हात थांबला होता आणि जिला एका म्हाताऱ्या माणसाने न हसता पुन्हा शिकवलं. मला वाटतं, शिकवायला हीच बरी. पण ठरवा तुम्ही.

आबा, तुमचे उपकार मोठे आहेत. तुम्ही मला हरवू शकत होता, तुम्ही मला शिकवलंत. तुम्हाला द्यायला माझ्याकडे एवढंच आहे, माझी कृतज्ञता.

आता सगळ्यांनी उभं राहू या. मला माहीत आहे, अशा वेळी दोन मिनिटं शांत राहतात. आपणही राहू. पण आबांच्या पद्धतीने. आधी हाक, मग शांतता. यमुना तिथून, फाटकापासून, आबांना हाक मारेल. मग आपण गप्प राहायचं आणि ऐकायचं. तिकडच्या टोकाला आज आबा नाहीत. एवढी वर्षं तिथे ते एकटेच उभे होते, आपण सगळे बाजार करत होतो.

दोन मिनिटं झाली की, ज्याला ज्याला त्या टोकाला उभं राहायचं असेल, त्याने ओ द्यावी. लाजून नको. कांद्याच्या ढिगाजवळ पडेल अशी नको.

यमुना, जा बाळा फाटकाशी. मार हाक.